कांचनाची कातरलेली पाने

पूर्वी चंपकावती नगरीवर सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सरड्याच्या जन्माला आला आणि शंखश्रेष्ठी नावाच्या व्यापाऱ्याच्या परसबागेत राहू लागला. बागेच्या मधोमध पांढऱ्या कांचनाचे झाड होते. त्याच्या फांदीवर तो दिवसभर पडून असे. उन्हाळा चढला की त्याचा गळा लालभडक होई. सरड्यांचा तो होतोच. पण शंखश्रेष्ठी म्हणे, "मेला कुणाचं तरी रक्त पिऊन आलाय," आणि दिसेल तिथे त्याच्यावर काठी फेकी. म्हाताऱ्याचा नेम चांगला नव्हता, म्हणून बोधिसत्त्वाचे बरे चालले होते.

शंखश्रेष्ठीला सगळ्यांचाच संशय येई. जाईच्या मांडवात बुलबुल घरटे करू लागला, तर तो शेजाऱ्याने कान द्यायला पाठवलेला. मोगऱ्याला कळ्या कमी आल्या, तर नजर लागली. जास्त आल्या, तर आता नक्की लागणार.

त्या वैशाखात कांचनाची पाने कुणीतरी कातरू लागले. पानाच्या कडेला सुबक गोल खाच पडलेली दिसे, जणू नाणे ठेवून त्याभोवती पाते फिरवले आहे. त्या घराची रीत अशी, की अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी ठेवलेले पाण्याचे छोटे मडके कांचनाच्या अखंड पानाने झाकायचे. त्यामुळे घरात घबराट उडाली.

"अळी खाते तेव्हा चाळण होते," शंखश्रेष्ठी म्हणाला. "हे हत्याराचं काम आहे. करणी आहे ही."

"करणी कोण करणार? घरात आपणच तर आहोत," त्याची बायको माधवी म्हणाली.

"आपणच नाही. यंदा एक माणूस वाढलंय."

वाढलेले माणूस म्हणजे त्यांची सून कुवलया. नवरा बैलांच्या तांड्याबरोबर दूरदेशी गेलेला. ती पानमळेवाल्याची मुलगी. तिच्या माहेरी विड्याचे पान गोल कातरून देत, म्हणून येताना तिने एक छोटी कात्री आणली होती. माधवीने ती काढून घेतली. पाने तरीही कातरली जातच राहिली.

"बघ, दुसरी लपवलीय," शंखश्रेष्ठी म्हणाला.

पाने कातरायची थांबली असती, तर तो म्हणाला असता, "बघ, सावध झाली." अशा माणसापुढे निर्दोष ठरायला जागाच नसते. माधवी सुनेच्या हातचा विडा खाईना. शेवटी कुवलयाच स्वतःच्या बोटांकडे संशयाने पाहू लागली. झोपेत उठून आपणच तर हे करत नसू?

शंखश्रेष्ठीने ठरवून टाकले. तृतीयेच्या सकाळपर्यंत हे थांबले नाही, तर सुनेला वेशीबाहेर काढायचे. बापाने घरात घेतली तर घ्यावी.

पाने कोण कातरते, हे बोधिसत्त्वाला ठाऊक होते. काळसर, जाडजूड माशी होती ती. मधमाशीच्याच जातीची, पण एकटीने राहणारी. पानाच्या कडेवर बसायची, स्वतःभोवती फिरत जबड्याने कापायची आणि तुकडा पोटाशी धरून उडायची. पहिल्यांदा दिसली तेव्हा बोधिसत्त्वाची जीभ बाहेर आली होती. पण तिच्या पायांत घराचे सामान आहे हे पाहून त्याने जीभ आत घेतली. जाईच्या मांडवाच्या एका वाळक्या बांबूचे टोक उघडे होते. त्या पोकळीत ती पानांच्या इवल्या वाट्या करून एकेकीत एकेक अंडे घाली.

तृतीयेच्या आदल्या दुपारी बुलबुल म्हणाला, "सरडोबा, उद्या पोरगी जाते म्हणे."

"जाऊ नये असं वाटतं."

"मग सांग जाऊन! तुझी भाषा कळते का त्यांना?"

"भाषा नाही कळत. पण मी दिसलो की ती काठी येते, एवढं मला कळतं."

बुलबुलाने चोच फांदीवर घासली. मग म्हणाला, "कधीतरी नेम लागेल रे."

"उद्या लागला तर बरं," बोधिसत्त्व म्हणाला.

सकाळी शंखश्रेष्ठी कांचनापाशी आला. वरच्या फांद्यांवर कितीतरी अखंड पाने होती, पण तो कातरलेलीच शोधत होता, त्यामुळे ती त्याला दिसली नाहीत. कुवलया गाठोडे घेऊन विहिरीपाशी उभी होती. इतक्यात बोधिसत्त्व मांडवावर चढला, त्या वाळक्या बांबूच्या टोकाशी बसला आणि लाल गळा फुगवून त्याने मान वरखाली केली.

"आजच्या दिवशीही हा!" शंखश्रेष्ठीने काठी फेकली. ती चुकली. बोधिसत्त्व हलला नाही. म्हाताऱ्याने काठी उचलली आणि जवळ जाऊन दोन्ही हातांनी हाणली. बोधिसत्त्वाची शेपटी तुटली, बांबू फुटला आणि आतून हिरव्या पानांच्या वाट्या खाली सांडल्या. एकेका वाटीवर गोल झाकण, सुबक कातरलेले.

माधवीने एक झाकण उचलून कांचनाच्या पानाला लावून पाहिले. खाच भरून निघाली.

"हेही हिनंच आत भरलं असेल," शंखश्रेष्ठी म्हणाला, पण आवाज बसला होता.

तेवढ्यात माशी आली. पोटाशी हिरवा तुकडा धरून ती फुटलेल्या बांबूभोवती घिरट्या घालू लागली. तिला दार सापडेना.

"मामंजी," कुवलया म्हणाली, "हिचीही कात्री काढून घ्या."

कुवलयाने वाट्या वेचून दुसऱ्या पोकळ बांबूत सरकवल्या आणि तो पहिल्याच्या जागी बांधला. मग ओल्या फडक्यात सरड्याला उचलून तिने कांचनावर ठेवले. माधवीने कात्री आणून तिच्या गाठोड्यावर ठेवली आणि गाठोडे घरात नेले. त्या वर्षी पितरांचे मडके मुद्दाम कातरलेल्या पानानेच झाकले गेले. खाचेतून आतले पाणी चमकत होते, आणि शंखश्रेष्ठीने जेवण होईपर्यंत तिकडे पाहिले नाही.

भिक्षुसंघाच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा जिच्यामुळे सांगितली, ती तरुण भिक्षुणी समोरच बसली होती. तिच्या अंगावरच्या चीवराची ठिगळे चोरीच्या कापडाची आहेत, असे एका वृद्ध भिक्षूने, स्थविराने, सकाळी सर्वांदेखत म्हटले होते. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा शंखश्रेष्ठी हाच स्थविर. माधवी म्हणजे त्याचे ऐकून मान डोलावणारे तुम्ही सगळे. कुवलया ही भिक्षुणी, आणि ती माशी म्हणजे हिला चिंध्या जोडून चीवर शिवून देणारी हिची सखी. सरडा मी होतो. खरे जिथे आहे तिथून मार पडला तरी न हलणे, याला क्षांती म्हणतात."

स्थविराने मान खाली घातली. मग उठून तो त्या भिक्षुणीपाशी गेला आणि तिच्या चीवराची ठिगळे त्याने पहिल्यांदाच जवळून पाहिली.