किल्ली मागणारी पाणपोई

"पण पाणपोईचं पाणी फुकटच असतं ना, भन्ते? मग मी ते प्यायलो, यात माझं काय चुकलं?"

बसस्टँडवरच्या फुकटच्या वायफायला पाणपोई म्हणत आल्यापासून सुबोध इंगळेचं हेच चाललं होतं. फिरून फिरून तोच प्रश्न.

गावाबाहेरच्या टेकडीवरचा तो लहानसा विहार. म्हातारे भन्ते पिंपळाखाली बसून चीवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुबोध तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. मुलं त्याच्यापाशी मन मोकळं करायची. घरी बोलता येणार नाही ते त्याला ईमेलवर लिहायची. 'सरांच्या पोटातली गोष्ट ओठांवर यायची नाही,' असं कॉलेजभर म्हणत. ते कानावर आलं की सुबोधला आतून फार बरं वाटायचं.

"नीट सांग," भन्ते म्हणाले. "काय झालं बसस्टँडवर?"

"गाडी यायला वेळ होता. मोबाईलचं नेट संपलेलं. फोनमध्ये बघितलं, तर 'बसस्थानक मोफत वायफाय' असं नाव दिसलं. जोडला फोन."

"मग?"

"मग एक पान उघडलं. पुढे जायचं असेल तर ईमेल आणि त्याचा पासवर्ड टाका म्हणे. टाकला. नंतर चौकशी केली, तर स्टँडवर तसलं वायफाय कधी नव्हतंच. तिथंच बाकड्यावर बसून कुणीतरी आपल्याच वायफायला ते नाव दिलं असणार..."

भन्तेंची सुई थांबली.

"सुबोध, पाणपोईवर पाणी देताना तुझ्या घराची किल्ली कुणी मागितली होती का रे कधी?"

सुबोध त्यांच्यासमोर खाली बसला.

...

"माझं काही गेलं नाही, भन्ते," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "गेलं ते उत्पलाचं."

"उत्पला कोण?"

"माझी विद्यार्थिनी. तिला फिट येते. शाळेत होती तेव्हापासून लपवून गोळ्या घेते. हे तिने जगात फक्त मला लिहिलं होतं. त्या चोराने माझ्या खात्यात शिरून तिचं ईमेल सगळ्या वर्गाला पाठवलं. माझ्याच नावाने."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. दुसऱ्याच दिवशी घरी निघून गेली. कॉलेज सोडलंय म्हणतात."

भन्तेंनी दोरा दातांनी तोडला. चीवराची घडी मांडीवर ठेवली.

"खात्याचं कुलूप बदललंस?"

"त्याच दिवशी! पासवर्ड बदलला, पोलिसांत तक्रार दिली, वर्गाला कळवलं की हे मी पाठवलेलं नाही. आता कुठलंही फुकटचं वायफाय दिसलं की हातच लावत नाही."

"चांगलं केलंस."

सुबोधला थोडं हायसं वाटलं.

"आणि तिच्याकडे गेलास?"

"नाही."

"का?"

"आधी इथे आलो. मन थाऱ्यावर नाही, भन्ते. दोन शब्द ऐकले तर शांत होईल म्हणून..."

भन्ते उठले. गुडघे धरले होते, म्हणून पिंपळाच्या बुंध्याला हात टेकवत उठले. सावकाश पायरीपाशी गेले. सुबोधच्या चपला तिथे वेड्यावाकड्या पडल्या होत्या. म्हाताऱ्याने वाकून त्या उचलल्या, अंगावरच्या चीवराच्या टोकाने पुसल्या आणि तोंड रस्त्याकडे करून जोडीने मांडून ठेवल्या.

"भन्ते! हे काय करताय?"

सुबोध धावत आला. त्याने त्यांचे हात धरले. ते हात धुळीने भरले होते. इतका वेळ आवरून धरलेलं रडू त्याला आवरेना.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तिने विश्वासाने ठेवायला दिलं होतं. माझं नव्हतंच ते... आणि मी बस येईपर्यंत करमत नाही म्हणून देऊन बसलो."

भन्तेंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सुबोधचं रडू ओसरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली.

"लांब आहे का तिचं गाव?"

"फार नाही. पण तुम्ही कशाला, भन्ते? एवढ्या उन्हात?"

भन्ते पायऱ्या उतरू लागले होते.

सुबोधने चपला घातल्या. त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. खालच्या पायरीवर तो थांबला.

"मी तिला काय सांगू? तिला वाटत असेल, मीच पाठवलं. ती दार उघडणार नाही, भन्ते."

"तिचं दार आहे. बंद ठेवू दे. आपण बाहेर बसू."