चौकातली पितळी कुत्री

माणसाला आकाशात जायची हौस होती, पण मरायची भीती होती, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यातल्या शहाण्यांनी रस्त्यावरची एक कुत्री पकडली, यानात कोंडली आणि वर पाठवली. ती परत आली नाही. तिच्यामागून माणसं गेली, सुखरूप परतली, हत्तीवरून मिरवली. कुत्रीच्या वाट्याला चौकातला पितळी पुतळा आला, तोंड मिटून शहाण्यासारखा बसलेला.

त्या पुतळ्याच्या सावलीत चिमी नावाची भटकी कुत्री राहायची.

दरवर्षी उड्डाणाच्या दिवशी राजा पुतळ्याला हार घालायचा. यंदा आदल्या दिवशी मुकादम कुत्री पकडायची गाडी घेऊन आला आणि त्याने चिमीच्या गळ्यात फास टाकला.

"सोड तिला," पितळी कुत्री गुरगुरली.

मुकादम दचकला. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्याच मानासाठी चाललंय हे. उद्या महाराज येणार. तुमच्या पायाशी असली बेवारशी कुत्री बरी दिसते का?"

"मग मी कोण होते?"

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही आकाशात गेलात."

"गेले नाही, मला नेलं. अशीच गाडी होती, असाच फास होता. बेवारशी आहे, हिला कोण विचारतंय, असंच तेव्हाही म्हणाले होते."

मुकादमाने मान खाली घातली आणि चिमीला गाडीत ढकललं.

दुसऱ्या दिवशी राजा हार घेऊन आला. पितळी कुत्रीने सगळे दात विचकले होते.

राजा खूश होऊन म्हणाला, "बघा, कशी हसतेय."