आडदऱ्याचं मुकं टाकं

आडदऱ्याच्या डोंगरावर, देवळामागे, कातळात खोदलेलं एक टाकं आहे. तोंड जेमतेम घागर जाईल एवढं, आणि त्या तोंडावर जात्याचा वरचा दगड बसवलेला. दगडाच्या मधल्या भोकाला कान लावला तर खाली पाणी ठिबकताना ऐकू येतं. डोंगर चढून आलेली तहानलेली मंडळी हटकून तो दगड सरकवायला जातात, आणि ओट्यावर बसलेले नाना गुरव म्हणतात, "पाणी गावात मिळेल. ते राहू द्या." मग कारण ऐकल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही, आणि नानांनाही तेच हवं असतं.

सकवार ही गावची सुईण होती, असं सांगतात. किती पिढ्यांपूर्वी, ते नानांच्या आजीलाही ठाऊक नव्हतं म्हणे. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. पण एका पावसाळ्यात तिची स्वतःची तीन लेकरं हगवणीनं गेली, तेव्हा तिची हातोटी काही कामाला आली नाही. तिसऱ्याला मूठमाती देऊन ती घरी परतलीच नाही. तशीच, मातीच्या हातांनी, डोंगर चढून देवीपुढे बसली.

"आये," ती म्हणाली, "एवढं रडणं माणसानं का म्हनून सोसायचं? माज्या गावाला दुखणं नको, मरान लांब ठेव. मागशील ते दीन."

देवीनं काहीच मागितलं नाही. इथेच खरं तर सकवारनं सावध व्हायला हवं होतं, असं नानांचं मत आहे. दुसऱ्या दिवशी कोरड्या टाक्यात पाणी आलं. पिणाऱ्याचा ताप उतरला, कळा थांबल्या, जखमा भरून आल्या. मग सकवारनं सुईणीला सुचावं तेच केलं. बाळघुटी त्याच पाण्यात उगाळायची, म्हणजे जन्मापासूनच दुखणं जवळ यायला नको. अशी रीत पडली आणि गाव निर्धास्त झालं.

शंभरी गाठण्यात काही विशेष राहिलं नाही. एकशेदहाचे म्हातारे नांगर धरत. बायका हूं की चूं न करता बाळंत होत आणि सकवार उशाशी बसून पेंगत असे. हळूहळू बाकीचंही थांबलं. दळताना हात भरून येईनात, तर ओवी कशाला म्हणायची? जाती मुकाट फिरू लागली. मुली सासरी जाताना मागे वळून बघेनात. कुणी मेलंच, तर लोक पोचवून येत आणि जेवायला बसत. गावात भांडण म्हणून नव्हतं, हेही सांगायला हवं. सकवारला हे सगळं दिसत होतं, पण वाईट वाटायला जे लागतं तेच तिच्यापाशी उरलं नव्हतं.

ती एकशेवीस वर्षांची असताना तिच्या नातसुनेला, त्या तिघांमागून झालेल्या लेकाच्या सुनेला, साळूला, मुलगी झाली. नाव चांगुणा ठेवलं. धडधाकट पोर, रडणं माहीत नाही. एरवी साळू उन्हाची वेळ बघून तिला पाजायची. सुगीत वेळ बघायचं राहून गेलं. साळू खळ्यावर, पोर पाळण्यात, सकवार दारात शेंगा सोलत. पोरीला भूक लागली असेल, पण ती रडली नाही. साळूची छाती भरली असेल, पण ती ठणकली नाही. चौथ्या दिवशी सकवारनं सहज पाळण्याला झोका दिला, तर तो हलका लागला.

साळू आली, तिनं पोरीकडे पाहिलं. "पाजायचं ऱ्हायलं वाटतं," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

सकवारनं पोरीला पुरलं. ज्या माळावर तीन लेकरं पुरली, त्याच माळावर. तेव्हाची माती किती गार लागली होती, हे तिला आठवत होतं. आज हाताला काहीच लागलं नाही. चुलीवर दूध ठेवून विसरावं, तेवढंच मनाला लागलं. तिला रडायचं होतं आणि रडतात कसं तेच आठवत नव्हतं. वर्षाच्या आत साळूला पुन्हा दिवस गेले.

हे पोर रडलं पाहिजे, एवढंच मग सकवारनं मनाशी धरलं. घरचं जातं उचकटून वरचा दगड तिनं डोक्यावर घेतला आणि डोंगर चढली. गाव मागोमाग आलं, अडवायला नाही, नुसतं बघायला. एकटा म्हादबा, तिच्याच वयाचा, म्हणाला, "सकवारे, आता दुखंल की गं."

"दुखंल."

"आन् मरू बी."

"मरू की," ती म्हणाली. तिनं दगड टाक्यावर बसवला आणि सांधे चुन्यानं लिंपले.

गाव विहिरीचं पाणी पिऊ लागलं. टाक्याचा अंमल उतरायला महिने गेले. जास्त वर्षं प्यायलेल्यांना आधी भोगावं लागलं. म्हादबा पहिल्या थंडीतच गेला. सकवारचं एकेक हाड ठणकू लागलं. तिला ते बरं वाटलं नाही, कुणालाच वाटत नाही. साळूचे दिवस भरले तेव्हा सकवारला दोघींनी धरून आणावं लागलं.

मुलगा झाला. रडला नाही. सकवारनं त्याच्या टाचेला चिमटा काढला, तो नुसता बघत राहिला. पोटात असताना त्यानंही ते पाणी प्यायलं होतं. तिनं पुन्हा काढला, जोरात. तिसऱ्यांदा नख रुतवलं, टाचेवर रक्ताचा थेंब आला, आणि पोरानं टाहो फोडला.

साळूनं छातीवर हात दाबला. "आजे, दुखतंय," ती म्हणाली, आणि तिची चोळी भिजली. पोराला ओढून घेता घेता ती हमसून रडायला लागली. "माजी चांगुणा उपाशी गेली गं, आजे. मी हितंच हुते."

सकवार भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तोंडून तीन लेकरांची नावं एकामागून एक निघाली, आणि चौथं चांगुणाचं. ती दिवस मावळेपर्यंत रडली. मग थांबली ती कायमची, असं सांगतात.

आडदऱ्यात आता सत्तरीपुढे फारसं कुणी जात नाही. दुसरीकडे बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे बसतात, तसे इथेही बसतात. पण आजही त्याआधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई बाळाच्या टाचेला चिमटा काढते. नर्सबाई रागावतात. म्हाताऱ्या ऐकून घेतात आणि करायचं ते करतात. बाळ रडेपर्यंत घरात कुणी पाण्याला शिवत नाही. रडलं की म्हातारी विचारते, "दुखलं?" आणि दारापर्यंत उभी असलेली सगळी माणसं त्याच्या वतीनं म्हणतात, "दुखलं." मग आई त्याला उचलते, आणि सगळे पाणी पितात.