नामीचा झिरा

बोरमाळच्या देवळात शिरलं की समोरच्या भिंतीवर आधी काहीच दिसत नाही. दगडी भिंत, तिच्यावर चुन्याचा हात, मधोमध साधा लाकडी क्रूस, बस्स. बाहेरगावचे पाहुणे इकडेतिकडे बघतात, माना वर करून छत न्याहाळतात. लाजरसबाबा दाराशी उभे राहून त्यांची ही गंमत पुरती बघून घेतात आणि मग म्हणतात, "वर न्हाई पाव्हनं, खाली. बसा आधी."

बसलं की दिसतं. भिंतीच्या पार बुडाशी गेरू, नीळ आणि काजळीनं काढलेला एक माणूस उकिडवा बसलेला आहे. अंगावर धुळीनं माखलेलं धोतर, पाय भेगाळलेले, मान किंचित वर. दोन्ही हातांची ओंजळ त्यानं तोंडाशी धरली आहे. वरच्या बाजूनं एका बाईचा हात आणि कलती घागर आली आहे. हा माणूस म्हणजे प्रभू येशू, हे सांगावं लागतं. सांगितलं की बहुतेक जण पुढं वाकून पुन्हा बघतात. काहींना वाईट वाटतं, एखादा चिडतोही. "प्रभूला असं का बसवलंय?" हा प्रश्न आला नाही तर बाबांनाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

बाबांनी या देवळाची घंटा उभा जन्म वाजवली. गुडघे गेले तरी पाहुण्यांबरोबर तेही फरशीवर बसतात आणि सांगू लागतात. गोष्ट त्यांच्या आज्याच्याही आधीची आहे. त्यांनी ती जशी ऐकली तशी ते सांगतात. खरंखोटं देवाला ठाऊक, असंही मधूनमधून म्हणतात, पण आपण तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही.

त्या काळी म्हणे गावात पाण्याची एकच विहीर होती आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला तिच्या काठाला शिवायची सोय नव्हती. वस्तीतल्या बायकांनी विहिरीपासून लांब, एका ठरलेल्या खडकापाशी रिकाम्या घागरी मांडून बसायचं. गावातलं कुणी पाण्याला आलं आणि त्याला दया आली, तर तो वरून पाणी ओतणार. भांड्याला भांडं लागता कामा नये. तहान लागली असेल तर उकिडवं बसून ओंजळ धरायची, तोंड वर करायचं आणि ओतणारा थांबेल तिथं आपणही थांबायचं. उन्हं डोक्यावर आली तरी कुणी येत नसे. वाट बघून बायका तशाच परतत.

वस्तीतल्या काही घरांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांतच नामी आणि तिचा नवरा होते. प्रभूच्या घरी उच्चनीच नाही, हे मिशनच्या साहेबानं सांगितलं आणि ते त्यांच्या काळजाला भिडलं. विहिरीवरचा खडक मात्र जिथल्या तिथं राहिला. पुढं मोठ्या तापाची साथ आली आणि नामीचा नवरा गेला, पाठोपाठ दोन्ही लेकरं गेली. वस्तीच्या टोकाच्या घरात ती एकटी उरली. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, ज्या बाईवरून साहेबानं तिचं नाव ठेवलं होतं, तिचाही नवरा आणि मुलगे असेच गेले होते म्हणे. तिला निदान सोबत करणारी सून होती. बोरमाळच्या नामीला कुणी नव्हतं.

हात मात्र तिचा देखणा होता. लग्नकार्यात वस्तीतल्या भिंतींवर मोर, वेली, नवरानवरी काढायला तिलाच बोलवत. घर रिकामं झाल्यावर ती स्वतःच्या भिंतींवर माणसं काढायची. चुलीपाशी लेकरं काढली, दाराशी नवरा काढला. भाकरी थापताना त्यांच्याशी बोलायची. बायका ऐकायच्या आणि हळूच दार ओढून निघून जायच्या. हिला एकटीला ठेवू नये हे सगळ्यांना कळत होतं, पण ज्याला त्याला आपलं घर होतं.

मग हे देऊळ बांधून झालं. नामीनं समोरच्या भिंतीवर शोमरोनी बाईचं चित्र काढावं, असं साहेबानं सुचवलं. रविवारच्या भक्तीत ती गोष्ट तिनं ऐकलीच होती. प्रभू भर दुपारी थकून परक्या गावच्या विहिरीपाशी बसला. पाण्याला एक बाई आली. तिच्या लोकांच्या हातचं पाणी प्रभूचे लोक पीत नसत. तरी प्रभूनं तिच्याकडे पाणी मागितलं. साहेबानं नमुन्याला आपल्या देशातलं रंगीत चित्र दिलं. त्यात प्रभू पांढऱ्याशुभ्र झग्यात उभा होता आणि बाई त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसली होती.

नामीनं ते चित्र पुष्कळ वेळ न्याहाळलं आणि परत केलं. तिला काही ते पटेना. ज्याच्याकडे ना घागर ना दोर, विहीरही दुसऱ्याची, आणि ज्याला पाणी मागायचंय, तो उभा कसा असेल? पाणी मागणारा माणूस कसा बसतो, हे तिनं जन्मभर बघितलं होतं. दुसरी कुठली तऱ्हा तिला माहीतच नव्हती. भिंतीपुढं लुगडं बांधून ती आत बसली. त्या दिवसांत ती भिंतीवरच्या लेकरांशी बोलेनाशी झाली होती, असं सांगतात. गुणगुणत काम करायची. इतक्या वर्षांनी कुणीतरी सोबतीला आल्यासारखं तिला झालं होतं.

रविवारी लुगडं सोडलं. देवळाची सगळी मंडळी जमली होती, नवे कपडे घालून. चित्र सगळ्यांनी बघितलं. मग एक म्हातारी तोंडाला पदर लावून रडू लागली. शांतवन पुढं आला. तो मंडळीचा वडील, म्हणजे देवळाचा कारभारी, आणि लांबच्या नात्यानं नामीचा थोरला दीर. माणूस वाईट नव्हता. खडकापाशी बसणाऱ्या आईच्या कडेवर त्याचं लहानपण गेलं होतं.

"नामे, आगं काय केलंस ह्ये?" तो म्हणाला. "त्ये बसनं सुटावं म्हनून तर आपुन बाप्तिस्मा घेतला. आन् तू देवालाच खाली बसिवलंस?"

"म्या न्हाई बसिवलं, दादा," नामी म्हणाली. "त्यो आपल्याजवळ यून बसलाय."

"पुसून टाक त्ये."

"पुसायचं तर तुमी पुसा. मला त्यो आसाच दिसला. उद्या आपन उठलो तर त्योबी उठंल. तवर ऱ्हाऊ द्या त्याला आपल्यात."

चुन्याची बादली आणली, पण प्रभूच्या तोंडावर पोचारा फिरवायला कुणाचा हात धजेना. साहेब म्हणाला, मंडळी ठरवेल तसं करा, आणि घोड्यावर बसून पुढच्या गावी गेला. शेवटी चित्रापुढं एक जाड पडदा लावला. मंडळी नामीशी बोलेनाशी झाली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. एकानं तोंड फिरवलं, दुसऱ्यानं बघितलं, आणि तसं होऊन बसलं. गावानं वस्तीला लांब ठेवलं होतं, आता वस्तीनं नामीला ठेवलं. भक्तीला ती यायची, दाराशी बसायची आणि पडद्याकडे बघत राहायची. एकानं तरी पडदा सारून त्या चित्रापुढं बसावं आणि म्हणावं की होय, हा आपलाच आहे, एवढंच तिला हवं होतं.

खडकापाशी जाणंही तिनं सोडलं. मंडळीला बसण्याची इतकी लाज वाटते, तर मी एकटी तरी आता बसणार नाही, असं ती म्हणाली म्हणे. गावाखाली नदीचं कोरडं पात्र होतं. तिथं वाळूत खड्डा खणला की तळाशी पाणी पाझरतं. त्याला झिरा म्हणतात. नामी रोज उतारावरून तिथवर जायची, झिऱ्यात उतरायची, नारळाच्या नरोटीनं थोडं थोडं पाणी घागरीत भरायची. एका घागरीला सकाळ सरायची. येताजाता एखादा गुराखी भेटला तर भेटला. घरी आल्यावर भिंतीवरची माणसं.

अशी कैक वर्षं गेली, आणि मग तो दुष्काळ आला. उन्हाळ्याच्या तोंडालाच विहिरीला तळ लागला. गावानं खडकापाशी पाणी ओतणं बंद केलं. पुढं गावालाच पुरेना, तळात नुसता चिखल राहिला. नामीच्या झिऱ्याला मात्र पाझर होता. पाणी रोज खाली जाई आणि ती रोज खोल खणत जाई. खड्डा तिच्या डोक्यापेक्षा खोल झाला होता.

शुभ शुक्रवार, म्हणजे प्रभूला क्रूसावर दिलं तो दिवस, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी वस्तीतल्या बायका खालमानेनं नदीवर आल्या. नामीनं कुणाला काही विचारलं नाही. त्यांच्या घागरी खाली घेतल्या आणि भरून वर दिल्या. त्यांच्या मागून गावही आलं. सगळ्यांच्या पुढं म्हातारी पाटलीण होती, दोन्हीकडून सुनांनी धरलेली. तिचा गळा इतका सुकला होता की शब्द फुटेना. ती झिऱ्याच्या काठावर बसली. नामीनं खालून भरलेली नरोटी वर धरली.

"आसं हातात न्हाई," सून घाईनं म्हणाली. "वरून वत त्यांच्या वंजळीत."

"म्या खाली हाय बाई," खालून आवाज आला. "खालून वर कसं वतू?"

सून सासूकडे बघू लागली. म्हातारीनं मागं वळून गावाकडे बघितलं, खाली नामीकडे बघितलं, आणि वाकून तिच्या हातातून नरोटी घेतली. बोटाला बोट लागलं. म्हातारी घटाघटा प्याली. मग कोण थांबतंय? सगळं गाव काठावर बसत गेलं आणि खालून येणाऱ्या त्या एका नरोटीनं पाणी पीत गेलं. वस्तीची माणसं आणि गावची माणसं एका रांगेत बसलेली त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, असं सांगतात.

दुपार कलली तेव्हा शांतवन काठावर आला. चित्राच्या दिवसापासून तो नामीशी बोलला नव्हता. त्यानं तिच्याकडे बघितलं. केस वाळूनं भरलेले, हात सोललेले. काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं. नरोटी रिकामी करून तो एवढंच म्हणाला, "आजून एक." तिनं दिली.

आता पाझर अडला होता. नामी आणखी खणू लागली. कुणीतरी वरून ओरडलं, "बुडाला खनू नगंस, कड सुटंल!"

"आजून मानसं हायती," ती म्हणाली.

आणि कड सुटली. आवाजही फारसा झाला नाही. वाळू नुसती खाली बसली आणि काठावरची माणसं मागं सरली. मग सगळे तुटून पडले. कोण गावचा, कोण वस्तीचा, कोण कुणाला शिवतोय, याचं भान कुणालाच उरलं नाही. हातांनी वाळू उपसली. नामीला वर काढलं तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

पाटलिणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं तोंडावरची वाळू पुसली. पुसता पुसता तिचा हात थांबला. नामीचे ओठ तडकले होते. तोंडात कोरड होती.

"हिनं पानी प्यालं व्हतं का?" म्हातारीनं विचारलं. "कुनी बगितलं का? कुनी इच्यारलं हिला?"

सकाळपासून सगळे तिच्याच हातचं पाणी प्याले होते. शांतवन वाळूत तसाच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं देवळातला पडदा काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि चित्रापुढं बसला. त्याच्यामागं मंडळी बसली. पडदा पुन्हा कधी लागला नाही. गावची विहीर मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षं वस्तीला बंद होती. लाजरसबाबा हे लपवत नाहीत, उलट जरा जोरानंच सांगतात. पण जिथं नामी गेली तिथं पाणी वर आलं ते कधी आटलं नाही, असं म्हणतात. त्या पाण्यावर कुणालाच कुणाला अडवता आलं नाही. पुढं झिरा दगडांनी बांधून काढला, उतरायला पायऱ्या केल्या, पण तो मुद्दाम खोलच ठेवला.

आजही शुभ शुक्रवाराच्या आदल्या दिवशी सगळं बोरमाळ तिथं जमतं. मंडळी येते, गावही येतं. घरी एकट्या राहणाऱ्या एखाद्या बाईला झिऱ्यात उतरण्याचा मान देतात. बाकीचे काठावर उकिडवे बसतात, देवळातले पाळकसुद्धा. ती नरोटी भरून वर धरते, तेव्हा सगळे मिळून तिला आधी विचारतात, "बाई, तू प्यालीस का?" ती नरोटी खाली घेते आणि सगळ्यांसमोर सावकाश पिते. तिचं पिऊन होईपर्यंत, कितीही तहान लागलेली असो, काठावर कुणी हात पुढं करत नाही.