उद्याची पुरचुंडी

माणदेशाच्या माळावर, जिथे वारा दिवसभर काही हरवल्यासारखा हिंडत असतो, तिथे हिवरदरे नावाचे गाव होते. एका उन्हाळ्यात श्री निश्चळनाथ महाराज तेथील भैरोबाच्या देवळात येऊन राहिले. महाराज फार बोलत नसत. ओसरीच्या खांबाला टेकून ते गावावरच्या धुराकडे पाहत. कोणाची चूल कधी पेटते आणि कोणाची पेटतच नाही, हे त्यांना न सांगता कळे.

त्या गावात तान्हूबाई राहत असे. नवरा घोंगड्या विणणारा, सासरा आंधळा, पदरी चार मुले. घोंगडी विकली गेली तरच घरात धान्य येई. पण भक्तहो, त्या माउलीच्या घरात कोणी उपाशी निजले नाही, की अशक्त होऊन अंथरुणाला खिळले नाही. आजचा हुलगा चुलीवर, तर उद्याचा ओल्या फडक्यात मोड यायला बांधलेला. सोबत बाजरीची भाकरी, बांधावरचा तांदुळजा, नाहीतर शेवग्याचा पाला. मागावर बसणाऱ्याला किती लागेल, वाढत्या पोरांना किती, म्हाताऱ्याच्या बोळक्या तोंडाला मऊ काय द्यावे, हे ती पहाटे चुलीपुढे बसून ठरवी. तिची तीच पूजा होती.

हुलगा म्हणजे घोड्याचा खुराक! म्हणून गावचे रंगराव देशमुख तिच्या घराला 'पागा' म्हणत. ती त्यांच्या वाड्याच्या ओट्यापुढून जाऊ लागली की ते मोठ्याने विचारीत, "काय तान्हे, पागेत दाणावैरण झाली का?" आणि भोवतालची मंडळी हसत.

एके दिवशी तिने डोक्यावरची पाटी न उतरवताच उत्तर दिले, "झाली की, आबासाहेब. माझी घोडी चौखूर उधळत्यात. तुमचं शिंगरू का दिसंना अंगणात?"

ओट्यावरचे हसू विझले. देशमुखांचा एकुलता नातू दौलत कित्येक दिवस खोलीबाहेर आला नव्हता. साजूक तुपातली पक्वान्ने त्याच्यापुढे येत, आणि ते पांढुरके पोर भिंतीकडे तोंड फिरवी. तान्हूबाई बोलून गेली खरी. पण घरी आल्यावर जाळ चांगला धरलेला असतानाही ती कितीतरी वेळ चुलीत फुंकर घालत राहिली.

पुढे देशमुखांनी महाराजांसाठी मोठी जेवणावळ मांडली. ते स्वतः देवळात आले आणि म्हणाले, "महाराज, पाने वाढली आहेत. चलावे."

महाराज उठले. म्हणाले, "देशमुख, आम्ही पडलो तट्टू. आम्हाला पागेतच बांधा."

आणि ते थेट तान्हूबाईच्या झोपडीकडे निघाले! मागून देशमुख, त्यांच्या मागून सारे गाव.

पोरे नुकतीच जेवून उठली होती. मडक्यात राहिला होता तो तान्हूबाईचा स्वतःचा वाटा. तिने तो सगळा महाराजांना वाढला. महाराजांनी ताटली बोटाने निपटून स्वच्छ केली आणि खुंटीवरच्या ओल्या फडक्याकडे पाहिले. "बाई, भूक राहिली. ते सोड."

तान्हूबाई खुंटीपुढे आडवी उभी राहिली. "न्हाई महाराज. माझ्या वाटचं होतं ते दिलं. त्ये उद्याचं हाय. पोरांच्या तोंडचं उद्याचं मी कुणाला देणार न्हाई. देवाला बी न्हाई."

देशमुख दारातून हसले. "पाहिलंत महाराज? साधूला मूठभर घोड्याचे दाणे नाकारते ही!"

महाराजांचे डोळे मात्र पाणावले होते. "देशमुख, मागणाऱ्याला घाबरून देणारे पुष्कळ भेटले," ते म्हणाले. "मुलांसाठी माझ्यापुढे अशी उभी राहणारी हीच."

इतक्यात देशमुखांचा गडी धापा टाकत आला. "आबासाहेब, बाळराजांनी डोळं फिरवलं! दातखीळ बसलीया, पाणी बी जाईना आत!"

देशमुख उंबऱ्यावर मटकन बसले. महाराज तान्हूबाईकडे पाहत राहिले. ती उठली. तिने खुंटीवरची पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली.

आवाजाने आंधळ्या सासऱ्याला उमगले. "तान्हू, उद्याचं सोडतीस?"

"व्हय मामंजी. उद्याचंच हाय न्हवं? ज्याचा उद्या जायाला लागलाय, त्याला देते."

तिने त्या मोडांचे पातळ कढण केले, त्यात मीठ आणि ठेचलेला लसूण घातला, आणि वाटी पदराखाली धरून ती प्रथमच देशमुखांच्या माजघरात शिरली. मागोमाग आलेल्या महाराजांनी मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. काय सांगावे भक्तहो! मिटलेले दात कळी उमलावी तसे विलग झाले. एक पळी आत गेली, मग दुसरी. दौलतने डोळे उघडले आणि क्षीण आवाजात म्हणाला, "आणखी." जन्मल्यापासून त्या मुलाने हा शब्द उच्चारला नव्हता.

तान्हूबाई घरी परतली. रिकामे फडके धुवायला उचलले, तर ते हाताला जड लागले. आत मोड आलेला हुलगा होता. तिने बांधला होता तेवढाच, दाणा कमी नाही की जास्त नाही. तिच्या मापाला महाराजांनीही हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी महाराज तान्हूबाईकडे येऊन बसले असताना देशमुख त्या झोपडीशी आले. दार इतके ठेंगणे, की वाकल्यावाचून आत येता येईना. त्यांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही. तिकडे, चुलीकडे."

देशमुख वळले. राखेजवळ त्यांनी मस्तक टेकले. "तान्हूबाई," ते म्हणाले, आणि तिचे नाव त्यांनी असे आदराने प्रथमच घेतले, "आमचं शिंगरूही तुमच्या पागेत बांधून घ्याल का?"

तिने भाकरी उलटली. पदराने डोळे टिपले. धुराने पाणावले असतील, नसतील.

"पाठवा, आबासाहेब. पर उपाशी पाठवा."