न विचारलेले नाव

कुसुमवती नगरीत सोमक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी घोड्यांचा पारखी होता. त्याचे नाव नंदक. दात पाहून वय आणि खूर पाहून चाल सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

पौर्णिमेच्या मिरवणुकीसाठी राजाला तांबूस घोडी हवी होती. नंदक नदीकाठच्या घोडेवाल्यांच्या गावी गेला. तिथे भल्लक नावाचा म्हातारा आणि त्याची बायको सामा यांच्या अंगणात त्याला हवी तशी घोडी दिसली. अंग तांबूस, आयाळही तांबूस, कुठे दुसऱ्या रंगाचा ठिपका नाही. म्हाताऱ्याला आता चारा कापणे झेपत नव्हते, म्हणून तो ती विकत होता.

नंदकाने दात पाहिले, खूर पाहिले, अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले. सौदा ठरला. भल्लकाने दावे पुढे केले, पण हातातून सोडले नाही. तो नंदकाच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. म्हातारा अजून काही उकळू पाहतो आहे, असे नंदकाला वाटले. त्याने एक नाणे वरून त्याच्या हातावर ठेवले. भल्लकाने मूठ मिटली नाही. नाणे खाली पडले आणि त्याने दावे सोडून दिले.

राजवाड्यात घोडीचे नाव विजया ठेवले. त्या नावाला तिने कानसुद्धा हलवला नाही. हरभरा, गूळ, कोवळे गवत, कशालाच तोंड लावीना. सहाव्या दिवशी तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. राजा म्हणाला, "चाबूक दाखवा."

तबेल्यातला एक म्हातारा मोतद्दार त्याच नदीकाठचा होता. तो नंदकाला म्हणाला, "स्वामी, घेताना हिचं नाव विचारलंत ना?"

"नाव? ते कशाला?"

"आमच्याकडं विकणारा आपणहून नाव सांगत नाही. घेणाऱ्यानं विचारायचं असतं. विचारलं की समजायचं, हा जनावराला जीव लावील. तोवर दावं धरून वाट बघतात."

नंदकाला ते नाणे आठवले आणि त्याला स्वतःची लाज वाटली. नाव विचारून आणायचे आणि हिला पुन्हा चाबकापुढे उभी करायची, हे त्याच्याने होईना. घोडी परत देण्याची परवानगी त्याने राजाकडे मागितली.

"ने," राजा म्हणाला, "पण मग तूही परत येऊ नकोस."

नंदक घोडीला घेऊन पायी निघाला. ती थांबली की तोही थांबे. तिसऱ्या दिवशी गाव आले. अंगणात सामा एकटीच बसली होती. नाणे अजून तिथेच मातीत पडले होते.

"भल्लकबाबा कुठे आहेत?"

"गेले. चार दिवस झाले. रोज मला विचारायचे, नाव विचारायला कुणी आलं का गं?"

ती उठली आणि घोडीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. घोडीने कान टवकारले. मग तिच्या हातातले गवत ओढून खाऊ लागली. नंदकाला रडू आवरेना.

"आई, मला सांगाल का ते नाव?"

"आता कशाला, बाबा? घेणाऱ्यानं विचारायचं असतं. तुम्ही तर द्यायला आलात."

नंदक त्याच गावात राहिला. घोडी होती तोवर त्याने तिच्यासाठी चारा कापला. नाव त्याला कधीच कळले नाही.

एवढी आपल्या पूर्वजन्मीची गोष्ट संघाला सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो पारखी मीच होतो. सामा म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका सुप्रभा. भल्लक म्हणजे गेल्या पावसाळ्यात, वर्षावासात आपल्यातून गेलेले वृद्ध स्थविर. आणि ती घोडी म्हणजे आठ दिवसांपूर्वी संघात आलेला, दाराजवळ एकटा बसणारा हा भिक्षू. याचे नाव तुमच्यापैकी कोणी सांगेल का?"

कोणालाही सांगता आले नाही.

"करुणा त्या जन्मी माझ्यापाशीही होती," शास्ता म्हणाले. "पण नाव विचारायला ती उशिरा गेली."