गार केलेलं काळीज

"पण तुम्हीच कसे वाचलात, बाबा?"

डॉक्टर खांबेटे दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. काढलेले बूट हातातच राहिले होते.

"मला काय विचारतोस?" इनायतबाबा फकीर म्हणाले. "सुई तुझी, सलाइन तुझं."

पंधरवडा झाला होता. बाबांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा खांबेट्यांनी त्यांच्या शिरेतून थंडगार सलाइन सोडलं होतं. तुंबलेली रक्तवाहिनी एकदम उघडली, की उपाशी काळजावर रक्त तुटून पडतं आणि त्यानंच इजा होते. म्हणून आधी काळीज गार करायचं, मग वाट मोकळी करायची. रोगी कुडकुडू नये म्हणून अंगावर मात्र गरम पांघरूण. हा उपाय गावात खांबेट्यांनीच आणला होता. त्याचा त्यांना ताठाही होता.

त्याच दिवशी तसाच झटका येऊन त्याच टेबलावर मगदूम मास्तर आले. वयानं बाबांच्या मुलासारखे. तेच सलाइन, तेच हात...

मास्तर गेले.

"तेव्हा तुम्ही नाम घेत होता? श्वास रोखला होता? काहीतरी केलं असणारच."

"शिव्या देत होतो."

"कोणाला?"

"तुला. वरून ऊब, आतून गारठा... माणसाला कळेना, जगतोय की मरतोय."

खांबेटे हसले नाहीत.

"मास्तरांची बायको दवाखान्यात येऊन बसते, बाबा. एकच विचारते, गार केल्यामुळं गेले का?"

"मग?"

"मी मागच्या दारानं निघून जातो."

बाबांनी त्यांच्या हातातले बूट घेऊन खाली ठेवले.

"मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं. कोणी म्हणतं, गार केल्यानं काळीज वाचतं. कोणी म्हणतं, काही फरक पडत नाही. कालपर्यंत मला सगळं कळत होतं. आता तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर देऊ?"

"मला ठाऊक नाही."

बाबा भिंतीला धरून उठले आणि काठी शोधू लागले.

"कुठं निघालात?"

"तिच्याकडं."

"तुम्हाला बघून तिला काय वाटेल? तुम्ही वाचलात, ते गेले!"

"हं..."

"आणि सांगणार काय? उत्तर तुमच्याकडंही नाही!"

बाबांनी काठी बगलेत धरली आणि डॉक्टरांकडं हात पुढं केला.

"चल. एकट्यानं जायला उत्तर लागतं."